माळावरचा दगड

हसू नका गं, पण उन्हाळ्यात मी पाच वर्षांच्या लेकीला घेऊन कळंबला माहेरी गेले, ती एका सरड्यासाठी. इथं कोऱ्हाळ्यात आमच्या चहूबाजूंनी ऊस. तो सरडा राहतो कोरड्या माळावर. दगडावर चढून गळ्याखालचा निळा पंखा उघडतो. शेळ्या राखताना मी रोज बघायचे. लेकीला कधीपासून दाखवायचा होता.

माझे वडील म्हणाले, "बघ, माळ आता एवढाच ऱ्हायलाय. बाकी समदा ऊस."

आम्ही तासभर उन्हात बसलो. शेवटी तो आला, दगडावर चढला आणि पंखा उघडला. लेकीनं हळूच हात पुढं केला, तशी मीच किंचाळले, "हात घालू नगंस, खाली इंचू असंल!"

सरडा गेला.

"आई, तूच घालवलास," लेक रडायला लागली.

वडील म्हणाले, "ह्यासाठी आणली व्हय पोरीला एवढ्या लांब?"

कोऱ्हाळ्याला परतल्यावर पिशवी जड का लागली म्हणून बघितलं, तर आत तोच दगड! लेकीनं तो उसाच्या बांधावर ठेवलाय. म्हणते, "येईल तो."

उसाला पाणी सोडलं आणि दगड भिजला, की मीच तो उचलून उन्हात वाळवते.