उन्हात लावलेले दिवे

वाजू दे. — तू बस ना, उभी का? शिलाई मशीनच्या खणात वाजतोय तो, तुला काही चावत नाही. ऐकू गेला ना भिंतीतून? जाणारच, भिंत म्हणजे नुसता पुठ्ठा, तुझ्या नवऱ्याची शिंक मला ऐकू येते, तर माझा फोन तुला ऐकू यायला काय हरकत! पण आता नाही उचलता यायचा. शब्बाथ लागला. ते बघ दिवे. आमच्या यहुद्यांत शुक्रवारी दिवे लागले की उद्या अंधार पडेपर्यंत फोन नाही, मशीन नाही, कात्री नाही, बातम्या नाहीत — काही म्हणजे काही नाही. तुला माहीत आहे की, इतकी वर्षं शेजारी राहतेस. — हो, ऊन आहे अजून. दिसतंय मला, डोळे शाबूत आहेत माझे. लवकर लावले, झालं. लवकर लावले म्हणून कुणी फासावर देत नाही.

तुला सांगते, हे दंगे सुरू झाल्यापासून मला एकच वेळ गोड लागते, ती ही. एरवी सगळा आठवडा कसा जातो? झिप बदलायला घेते नि उलटीच लावते. परवा एका गिऱ्हाइकाची पँट आखूड केली, ती एकाच पायाची — दुसरा होता तसाच. बिचारा तशीच घेऊन गेला. खाली कुणी पळालं की खिडकीशी धावते, नाही पळालं तरी धावते. आणि मग शुक्रवार येतो. दिवे लावायचे, त्यांच्यावरून हात आपल्याकडे ओढून घ्यायचे — असे, शेकोटीची ऊब घ्यावी तसे — आणि डोळे झाकून प्रार्थना म्हणायची. तेवढंच. पण त्या तळहातांच्या आड ना, एवढीशी जागा असते, तिथे कुणी येत नाही. गेल्या शुक्रवारी खाली टायर जळत होते, घरभर वास, आणि मी इथे जेवले, गाणी म्हटली — भसाड्या आवाजात का होईना — आणि गाढ झोपले. खरंच झोपले! आमचे हे म्हणायचे, देवानेसुद्धा जग करून झाल्यावर एक दिवस हात काढून घेतला, आपणही घ्यावा, आपल्यावाचून कुणाचं काही अडत नाही. तो बघेल ना वर बसलेला. मी काय बघणार? मी फोन उचलून काय दिवे लावणार आहे?

मुलगा? आहे ना. हॉस्पिटलातच आहे, पुलापलीकडे. एक्स-रे काढतो तो. रस्ते बंद झाल्यापासून तिथेच राहतो, एक्स-रेच्या टेबलावर झोपतो. म्हणतो, आई, या खोलीच्या भिंतीत शिसं घातलंय, इथे काळजी नाही. हसवतो मेला मला. — छे गं, त्याचा नाही हा फोन. तो एकदा वाजवतो, मी नाही उचलला तर समजतो आई मशीनवर आहे, मग सावकाश पुन्हा करतो. हा बघ कसा वाजतोय — थांबतो नि वाजतो, थांबतो नि वाजतो. असा फोन कुणाचा असतो ते मला विचार. याचा बाप गेला तेव्हा असाच वाजत होता. मी हात पुसत पुसत उचलला, हसत — काहीतरी आठवून हसत होते गं मी — आणि पलीकडचा माणूस म्हणाला, घरात दुसरं कुणी आहे का?

दुपारी खालच्या दुकानदाराने सांगितलं, हॉस्पिटलच्या फाटकाशी काहीतरी पेटवलंय. म्हटलं, काहीतरी म्हणजे काय? तर म्हणे, बातम्या लावून बघा. मी वर आले ती बातम्या लावायलाच आले — आणि दिवे लावले. काय करू, हात तिकडेच गेले. म्हटलं, एकदा शब्बाथ लागला की मला काही सांगायची कुणाची टाप आहे? उद्या रात्रीपर्यंत माझा मुलगा टेबलावर झोपलेला आहे. उद्या रात्रीपर्यंत तो आहे. कळलं तुला? — आणि डोळ्यांवर हात ठेवते न ठेवते तोच हा वाजायला लागला.

अशी बघू नकोस माझ्याकडे. माहीत आहे मला. लवकर लावायलाही काही धरबंध असतो, ऊन कलायच्या आधी लावले तर ते चालतच नाही. मी तर लख्ख उन्हात लावलेत. म्हणजे शब्बाथ अजून आलेलाच नाही, मीच त्याला हाताला धरून ओढून आणलाय. आणि आला असता तरी काय? आमच्यात जिवाचा प्रश्न आला की शब्बाथ मोडायचा — मोडायचा म्हणजे धावत जाऊन मोडायचा, मोडू का म्हणून विचारत बसणाऱ्याला पाप लागतं. वडिलांनी शिकवलंय मला, मी परकरात होते तेव्हा. तेव्हा मला कुणी अडवलेलं नाही. देवाने तर नाहीच नाही. मी घाबरलेय गं. त्याच्या नावाआड लपून बसलेय, दुसरं काही नाही.

— वाजला बघ. नको, तू नको उचलूस! थांब. त्याची आई मी आहे. जे काय असेल ते माझ्या कानाने ऐकते. हा खण अडतो मेला, जरा वर उचलून ओढ — हां.

हॅलो. हो, मीच… कोण? तू? अरे राजा, तू आहेस? तू — बरा आहेस ना? … मला? मला काय होणार आहे! मी घरात आहे, धडधाकट आहे, ही शेजारची बसलीय माझ्याजवळ… नाही उचलला रे. दिवे लावले होते… हो, लवकर… असेच. असेच लावले. … रडतोस काय वेड्या, सांगितलं ना मी बरी आहे. … थांब. हा आवाज कसला येतोय? कोण ओरडतंय तिथे? … तू बाहेर आहेस? कुठे? … पुलावर? अरे, पुलावर काय करतोयस तू? … माझ्यासाठी? मी फोन उचलला नाही म्हणून? — मागे फिर. ऐक माझं, आत्ताच्या आत्ता मागे फिर, मला काही झालेलं नाही, तुझ्या पाया पडते, पळ — हॅलो? … हॅलो?

चपला कुठे गेल्या माझ्या? — असू दे कर्फ्यू. तू हात सोड. हात सोड म्हणते ना!