ब्रायटनची मऊ वाळू

हसू नका, पण सौदीकरणात, म्हणजे परदेशी माणसांच्या जागी सौदी माणसं नेमताना, माझी खुर्ची ज्याला मिळणार होती, त्या फैसलला धाहरानच्या ऑफिसात मीच तेलाच्या पंपांचं काम शिकवत होतो. सुट्टीत तो बायकामुलांना घेऊन इंग्लंडला, ब्रायटनच्या किनाऱ्यावर निघाला.

"सर, मुलांसाठी तिथे काय आहे?"

मी ब्रायटन फक्त कॅलेंडरवर पाहिलेलं. पण शिकवणाऱ्यानं 'माहीत नाही' कसं म्हणायचं?

"मऊ वाळू! किल्ले करायला बादल्या, फावडी घेऊन जा," मी ठोकून दिलं.

महिन्यानं तो परतला.

"सर, तिथे नुसते गोटे आहेत. मुलं बादल्या धरून रडली."

"माफ कर, मी तिथे कधी गेलोच नाही."

फैसलनं मी लिहिलेली हँडओव्हरची फाइल उघडली आणि अदबीनं विचारलं, "सर, यातले पंप तरी तुम्ही स्वतः पाहिलेत ना?"