बटणाचा रंग

अगं, आमच्या वरच्या खोलीत तो अकोल्याचा नीलेश भाड्याने राहायचा ना, वेबसाइट बनवणारा, त्याची गंमत ऐक. पानामागची आकडेमोड हा करायचा आणि पानाचं रंगरूप त्याच्या ऑफिसातली मधुरा. दोन्ही एकाच फायलीत कोंबलेलं, म्हणून साधा बटणाचा रंग बदलायलासुद्धा दर रविवारी तिला इथं कसब्यात आमच्याकडे येऊन याच्याशेजारी बसावं लागायचं.

एका रविवारी हा सुतकी तोंडाने चहा ढवळत बसला. "साहेब म्हणतात, उद्यापासून दिसणं वेगळ्या फायलीत आणि आकडेमोड वेगळ्या."

"बरंच की रे! तिची खेप वाचली."

"मंग मधुरा इथं कायले येईन, आजी?"

अस्सं! मी गप्प बसते होय? मधुरा जिना चढून आली तशी त्याच्यादेखतच सांगितलं, "हा मुद्दाम दोन्ही एकाच फायलीत ठेवत होता गं, तू यावंस म्हणून."

हा लालेलाल. ती मात्र हसली. "ठाऊक आहे, आजी. बटण पहिल्यापासून निळंच छान होतं. मीच दर रविवारी उगाच बदलत होते."

म्हटलं, "बाई, लग्नातल्या शालूचा रंग तरी एकदाच ठरव!"