उपग्रह वर, इस्त्री खाली

...नाही नाही, हसू नका! तुम्हाला सांगतो, स्वस्तात उपग्रहाचं नियंत्रण केंद्र उभं करायचं म्हणजे काय, ते मला विचारा. किंवा नकाच विचारू! मी आराखडा काढला: दोन अँटेना, दोन मोटरी, दोन माणसं. साहेबांनी चष्मा कपाळावर सरकवला, "एक आहे ना? मग दुसरं कशाला?" आणि फिरली लाल पेन्सिल! दुसरी अँटेना गेली, दुसरी मोटर गेली, दुसरा माणूस गेला... उरलो मी. आणि खोली कुठे? इस्त्रीच्या दुकानावर! वीज दोघांत एकच. खालची इस्त्री आणि वरची मोटर एकदम चालली की फ्यूज उडून सगळं ठप्प. म्हटलं, "साहेब, निदान वीज तरी वेगळी..." "एक आहे ना?" ...संपलं!

मग पद्धत अशी, उपग्रह डोक्यावर यायच्या आधी मी जिन्यातून ओरडायचं, "मावशी, इस्त्री बंद!" आणि इस्त्रीवाल्या मावशी खालून, "आला का रे तुझा?" जसा काही माझा जावईच येतोय!

आणि काल तर कहरच झाला हो! कॉलेजच्या पोरांनी जिवापाड बनवलेला तो उपग्रह, लागला गरगर फिरायला. बॅटरी तळाला गेलेली. 'सावर बाबा' हा हुकूम याच फेरीत पोचला तर पोचला, नाहीतर पोरांना काय तोंड दाखवू? आणि फेरी किती वेळाची? चहा निवेपर्यंत! मी ओरडलो, अँटेना हलली, आणि... ठप्प! अंधार! "मावशीऽऽ!" "अरे, एकच कॉलर राहिली होती! माणूस मुलाखतीला उघडा जाईल का?" खरंच, बिचारा बनियनवर उभा! आता नवा फ्यूज? एक होता ना, मग दुसरा कशाला!

कॉम्प्युटर बॅटरीवर चालू, मोटर मेलेली. मी गच्चीच्या कठड्यावर, अँटेनाला मिठी मारून हातानं ढकलतोय, खाली बघितलं की डोळे फिरतात, वर बघावं तर काही दिसत नाही... आणि हुकूम सोडायचं बटण कोण दाबणार? "मावशी, वर या! हिरवं बटण!" "किती वेळा रे?" "एकदा!" "एकदा बेल दाबून कधी कुणी दार उघडलंय? मी दाबतच राहते!"

दाबत राहिल्या हो... आणि मग खोलीतून किंकाळी, "अरे, हे टूं टूं करायला लागलं! बिघडवलं का मी?"

बिघडवलं? अहो, जिवंत होता तो! हुकूम पोचल्याचं उत्तर देत होता! मी तिथंच फतकल मारून रडलो, लाज कसली त्यात?

साहेबांना फोन केला, सगळं सांगितलं. पलीकडून नाक ओढल्याचा आवाज. वाटलं, गहिवरले. "म्हणजे हातानं फिरते? मग मोटर विकून टाका!"

"साहेब, मी कठड्यावरून पडलो तर?"

"कमरेला दोरी बांधा," म्हणाले, "आणि दोरी घरून आणा."

...आणलीय हो. काय करता!