खांद्यापुरता कागद

डॉक्टर : बसा आधी. काकू, तुम्हीपण बसा. पाऊण तास विमा कंपनीच्या बाईंशी फोनवर होते, त्यातला अर्धा वेळ नुसतं गाणं ऐकवलं त्यांनी. माझं डोकं फिरलंय, तेव्हा विचारीन त्याचं सरळ उत्तर द्या. काका, खांदा कसा आहे?

पेंटर : तसा बराय, मॅडम.

डॉक्टर : तसा म्हणजे? दहापैकी किती दुखतो?

पेंटर : दोन धरा.

बायको : ऐका. दोन म्हणे. झोपेत कूस बदलली तरी असे कण्हतात की मी उठून बसते. इथं खुर्चीत बसले की दोन.

डॉक्टर : थांबा काकू. काका, ही तुमची फाइल. पाच महिन्यांपूर्वी परांचीवरून घसरलात. उजव्या हातानं पाइप धरून लोंबकळलात म्हणून आज माझ्यासमोर आहात. तेव्हापासून नऊ वेळा आलात, नऊ वेळा मी विचारलं किती दुखतं, आणि नऊ वेळा तुम्ही सांगितलंत दोन. मी लिहिलं दोन. आज त्या बाई माझंच लिहिलेलं मला वाचून दाखवत होत्या. म्हणाल्या, तुमच्याच कागदावर पेशंट बरा आहे, मग पुढच्या तपासण्या कशाला मागता? सोमवारपासून त्यांना कामावर जाऊ द्या. आज पाचपर्यंत मी काही कळवलं नाही तर तुमची केस बंद.

बायको : बंद म्हणजे?

डॉक्टर : बंद म्हणजे व्यायामाचं येणं बंद, औषधं बंद. आणि सोमवारी परांचीवर हजर व्हायचं. नाही गेले तर कंपनी म्हणणार, माणूस बरा असून घरी बसलाय. मग नोकरीपण गेली.

बायको : पण विमा कंपनीच्या त्या डॉक्टरसाहेबांनीही तपासलं होतं की. तपासलं कसलं, मी बाहेर पाण्याची बाटली उघडेपर्यंत हे परत आले.

डॉक्टर : सात मिनिटं. त्यांच्याच रिपोर्टात वेळ लिहिलीय. आणि दुखणं किती लिहिलंय माहितेय? एक. काका, तिथं एक कसा झाला?

पेंटर : नवीन माणूस होते. पहिल्या भेटीत एकदम दोन कुठं सांगायचं.

डॉक्टर : काका, तुम्ही माझा जीव घेणार आहात.

बायको : माझा तर घेऊनच झालाय. लग्नानंतर ह्यांना अपेंडिक्स झालं होतं, तेव्हा सासूबाईंना म्हणाले, जरा पोट जड आहे. फुटायचं बाकी होतं.

डॉक्टर : मला एक कळू दे. खरं का नाही सांगितलंत?

पेंटर : तुम्ही एवढ्या मनापासून करत होता. दर वेळी विचारायचात, आता बरं वाटतंय ना? तोंडावर कसं सांगणार की काडीचा गुण नाही.

डॉक्टर : म्हणजे माझ्या मनाला बरं वाटावं म्हणून.

पेंटर : आणि मुकादम म्हणाला होता, जो कुरकुर करतो त्याला पुढच्या कामाला बोलावत नाहीत.

डॉक्टर : झालं. मुकादमाचं ऐकायचं, डॉक्टरची काळजी घ्यायची, बायकोला झोपू द्यायचं नाही. अहो, ह्या विम्याच्या भानगडीत उपचार मी करते पण ठरवतात ते. आणि ते तुम्हाला बघत नाहीत, माझा कागद बघतात. मी कागदावर दोन लिहिलं की तुम्ही दोनच.

बायको : मग बदला ना मॅडम ते आकडे. दोनाचे आठ करा. पेन तर तुमच्याच हातात आहे.

डॉक्टर : नाही काकू.

बायको : खोटं थोडंच आहे? खरंच आठ दुखतं ह्यांना.

डॉक्टर : खरं असलं तरी. मागचा एक आकडा खोडला की माझे सगळे कागद खोटे ठरतात. ह्यांचेच नाही, बाहेर बाकावर बसलेत त्या सगळ्यांचे. मागचं तसंच राहणार. आज जे दिसेल ते आज लिहीन. काका, शर्ट काढा.

पेंटर : आत्ता?

डॉक्टर : का? नऊ वेळा काढलाय की.

बायको : बटणं मी काढते, मॅडम. दोन महिने झाले, मीच लावते आणि मीच काढते.

डॉक्टर : एक मिनिट. बटणं? खांदा दुखत असला तरी बटणं निघतात, काकू. बटणाला बोटं लागतात. काका, ही मूठ घ्या. पकड किती आहे ते कळतं हिच्यावर. आधी डाव्या हातानं दाबा. हं, अडतीस. आता उजव्या. दाबा. काका, मी म्हटलं दाबा.

पेंटर : दाबतोय.

(डॉक्टर काटा दोनदा तपासून पाहते.)

डॉक्टर : सहा.

बायको : सहा म्हणजे कसं? चांगलं का वाईट?

डॉक्टर : काका, हे कधीपासून आहे?

पेंटर : पहिल्यापासूनच. आधी मुंग्या यायच्या. आता कधीकधी हात आपणहून उघडतो. मला कळतसुद्धा नाही, वस्तू खाली पडल्यावर आवाज येतो तेव्हा कळतं.

बायको : म्हणजे ते भांडं? मागच्या आठवड्यात उकळतं पाणी पायावर सांडलं, तेव्हा म्हणालात फरशी ओली होती.

पेंटर : फरशी नंतर ओली झाली.

बायको : आणि मी फरशी ओली ठेवली म्हणून स्वतःला शिव्या घालत बसले. अहो, माझ्याशी तरी खरं बोलायचं होतं. मी काय विमा कंपनी आहे?

पेंटर : तुला सांगितलं असतं तर तू इथं सांगितलं असतंस. पेंटरचा हात गेला म्हणजे काय राहिलं? खांदा बरा होतो, सगळे म्हणतात. हाताचं कुणी काही म्हणत नाही. परवा तू बाहेर गेलीस तेव्हा कपाटाच्या आतल्या फळीवर ब्रशनं एक रेघ ओढून बघितली. तीस वर्षं मी छताची कड पट्टी न लावता मारलीय. ती रेघ बघवली नाही मला.

डॉक्टर : मला का नाही सांगितलंत हे?

पेंटर : तुम्ही विचारलं नाही, मॅडम. तुम्ही खांद्याचं विचारायचात. नि किती दुखतं ते. हात दुखत नाही.

डॉक्टर : खरंय. नाही विचारलं.

बायको : तुमचं काय चुकलं, ह्यांच्या तोंडातून शब्द काढायचा म्हणजे...

डॉक्टर : नाही काकू, चुकलं. माणूस एका हातावर लोंबकळला की नस ताणली जाऊ शकते, हे शिकलेय मी. पण पहिल्या दिवशी कंपनीच्या कागदावर दुखापत कुठे, तर खांदा, एवढंच आलं. मग मी खांद्याचेच पैसे मिळणार म्हणून खांदाच बघत राहिले. मानेपासून बोटापर्यंत एकच वायर जाते, पण विम्याच्या हिशोबी ती खांद्याला संपते. त्यांचं ऐकून माझ्याही हिशोबी तिथंच संपली.

पेंटर : असू दे, मॅडम.

डॉक्टर : असू दे म्हणू नका. आज तुम्ही असू दे म्हणायचं नाही. रागवा माझ्यावर.

पेंटर : बरं. रागावलो.

बायको : हे ह्यांचं रागावणं. आता हात नीट होईल का, ते सांगा.

डॉक्टर : नसांची तपासणी झाल्याशिवाय मला सांगता येणार नाही. उशीर झालाय, हे मात्र खरं. आणखी झाला तर वाईट. मी आज लिहीन की पकड अडतीसला सहा, अपघात तोच, हात तोच, आणि ही तपासणी आधी करायला हवी होती, माझ्याकडून राहिली.

बायको : तुमची चूक तुम्हीच लिहून देणार?

डॉक्टर : नाही लिहिली तर विचारतील, पाच महिन्यांनी हात कुठून आला? ते मान्य करतील की नाही माहीत नाही. पण नाही म्हणायला त्यांना कष्ट पडले पाहिजेत. चला, पाऊण तास उरलाय. काका, शेवटचा प्रश्न आहे, तुमच्या शब्दांत सांगा. सोमवारी परांचीवर चढू शकता का?

पेंटर : चढता येतं.

डॉक्टर : काका.

पेंटर : अहो, पाय धड आहेत, चढता येतं. वर गेल्यावर हात धरून ठेवेल की नाही, ते मला माहीत नाही. एका हातात डबा असतो. खाली माणसं काम करत असतात.

डॉक्टर : हेच लिहिते. शब्द न् शब्द.

पेंटर : आणि भीती वाटते. घरून निघायच्या विचारानंच वाटते. तेपण लिहा.

डॉक्टर : भीतीला ह्या फॉर्मात जागा नाही, काका.

बायको : मग कडेला लिहा, मॅडम.