धंदा कसा चाललाय?

विक्रीकराच्या अपिलाआधी भरायची रक्कम माफ व्हावी, असा अर्ज घेऊन छापखानेवाला बायकोसोबत अपील ऐकणाऱ्या साहेबांच्या दालनाबाहेर बाकावर बसला होता. तेवढ्यात कुलपांचा एक म्हातारा कारखानदार मुलीबरोबर आतून आला आणि शेजारीच टेकला.

“बाबा, वकिलांनी पढवलं होतं ना? धंदा बसलाय, एवढंच सांगायचं होतं.”

“हो गं.”

“मग साहेबांनी विचारल्यावर ‘उत्तम चाललाय’ कसं म्हणालात?”

“निघून गेलं तोंडातून. जन्मभर हेच म्हणत आलो.”

“आता आधी पैसे भरा, मगच अपील ऐकणार म्हणे. कुठून भरायचे?”

“तू शेजारी उभी होतीस. तुझ्यासमोर बुडालो असं कसं म्हणू?”

“मला ठाऊक होतं, बाबा. शेवटचा कामगार नोकरी गेल्यावर घरी येऊन रडून गेला.”

“मग बोलली का नाहीस?”

“तुम्ही तरीही रोज डबा घेऊन निघायचात. काय बोलणार?”



शिपायानं छापखानेवाल्याच्या नावाचा पुकारा केला. बायकोही लगबगीनं उठली.

“तू इथंच बस,” तो तिच्याकडे न बघता म्हणाला. “आत मी एकटाच जातो.”