मागं कोण बसणार आहे

“गाडी किती खाली आणायची ते नंतर बघू. आधी सांगा, मागं कोण बसणार आहे?”

हे वाक्य मी ऐकलं तेव्हा मी या तंत्रनिकेतनात दुसऱ्या वर्षाला होते. करमाडहून एसटीनं यायचे आणि वाहन विभागाच्या वर्गात मुलगी म्हणून एकटीच बसायचे. वर्गातल्या एका मुलाला त्याच्या काकांची जीप रस्त्याला टेकेल इतकी खाली बसवून घ्यायची होती. त्याचं सगळं ऐकून घेऊन अजरा मॅडमनी हा प्रश्न विचारला. तो म्हणाला, मागं आजी बसते. मॅडम म्हणाल्या, मग आजीला विचारून ये. वर्ग हसला. मी लिहून घेतलं नाही, तरी लक्षात राहिलं.

पण आधी रीत पाळते. आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या संस्थेचे सर्वेसर्वा माननीय तात्यासाहेब, प्राचार्य महोदय, व्यासपीठावरचे सन्माननीय पाहुणे, आजच्या सत्कारमूर्ती अजरा मॅडम, आईच्या निरोपासाठी हैदराबादहून आलेली कहकशा, पहिल्या रांगेत बसलेले आपले निवृत्त भांडारपाल नानासाहेब आणि त्यांच्या पत्नी वच्छलाबाई, माझ्या सहकारी मित्रमैत्रिणींनो, आणि आत या म्हटलं तरी मागच्या दारातच उभे राहिलेले माझे विद्यार्थी. सर्वांना नमस्कार.

मॅडमच्या सेवेबद्दल आधीच्या वक्त्यांनी इतकं सुंदर सांगितलं आहे की माझ्यासाठी काही शिल्लक नाही. मी फक्त बाहेर उभ्या असलेल्या गाडीबद्दल बोलणार आहे. आत येताना आपण सर्वांनी ती पाहिली असेल. गोल नाकाची, हिरवी, मागं उघडा हौदा असलेली, चाकं अर्धी मडगार्डात गेलेली. पोरांनी झेंडूच्या माळा लावल्या आहेत. अध्यक्ष महोदयांनी काळजी करू नये, इंजिन बदलल्याची परवानगी रीतसर घेतलेली आहे.

पाहुण्यांना आमची पद्धत माहीत नसेल. इथं निवृत्त होणाऱ्याला आम्ही एकट्यानं घरी जाऊ देत नाही. गाडीच्या मागच्या हौद्यात खुर्ची ठेवतो, हारासकट बसवतो आणि दारापर्यंत सोडून येतो. पूर्वी भाड्याचा टेम्पो यायचा. मग मॅडमची ही गाडी आली.

ही गाडी मॅडमच्या वडिलांची, निजामुद्दीन अब्बांची. जुन्या मोंढ्याजवळ त्यांचं पाट्यांचं दुकान होतं. पाटे म्हणजे गाडीच्या मागच्या चाकांवर एकावर एक बांधलेल्या त्या वाकवलेल्या पोलादी पट्ट्या, ज्यांच्यावर गाडीचं सगळं वजन असतं. अब्बा ते भट्टीत तापवून, ठोकून, हवी तशी कमान द्यायचे आणि याच गाडीतून गिऱ्हाइकांकडे न्यायचे. दुकानाचा एक नियम होता. ज्यानं पाटे बसवले, त्यानं चाचणीच्या फेरीला मागं बसायचं, दोन्ही चाकांना जोडणाऱ्या ॲक्सलच्या बरोबर डोक्यावर. गाडी गिऱ्हाइकानं चालवायची. अब्बा म्हणायचे, आपण काय बसवलंय ते आपल्या कमरेला कळलं पाहिजे. शाळा सुटली की छोटी अजराही त्यांच्या शेजारी चढून बसायची, दप्तर मांडीवर घेऊन.

अब्बा गेल्यावर गाडी अंगणात उभी राहिली. इंजिन जाम झालं. काही वर्षांनी, मीही इथं शिकवायला लागल्यावर, मॅडमनी ती ओढून आपल्या विभागात आणली आणि पोरांच्या ताब्यात दिली. आता आपली पोरं कशी आहेत हे मी सांगायला नको. त्यांनी अपघातात गेलेल्या एका मोठ्या गाडीचं इंजिन मिळवलं, जुन्या इंजिनाच्या कितीतरी पट जोराचं. प्रेरणा तेव्हा शेवटच्या वर्षाला होती. ती म्हणाली, मॅडम, गाडी अशी खाली बसली पाहिजे की चिमणी खालून गेली तर डोकं वाकवून जाईल. मॅडम सगळ्याला हो म्हणाल्या. अट एकच घातली. पाटे काढायचे नाहीत. ते अब्बांनी स्वतःच्या हातानं ठोकलेले शेवटचे पाटे होते.

मग पाटे ठेवून गाडी खाली आणायचा एक मार्ग उरला. ॲक्सल पाट्यांच्या खाली बांधलेला होता, तो आम्ही पाट्यांच्या वर घेतला. गाडी छान खाली आली. आता चाचणी. इतक्या जोराच्या इंजिनावर मॅडमचा दुसऱ्या कुणावर विश्वास नव्हता, म्हणून त्या स्वतः चालवायला बसल्या आणि मागं वाळूची पोती ठेवली. एका माणसाच्या वजनाची. सत्कारमूर्ती एकच असतो ना. गाडी मैदानात फिरून आली. पोत्यांनी काही तक्रार केली नाही.

दुसऱ्याच आठवड्यात नानासाहेबांचा निरोप समारंभ होता. हिशोबात आमची चूक काय झाली असेल? इथं बसलेल्यांना लगेच कळेल. आपल्याकडे सत्कारमूर्ती एकटा जातो का कधी? नानासाहेब खुर्चीत बसले आणि त्यांच्याभोवती अख्खा भांडार विभाग चढला. वच्छलाबाईंच्या दोन बहिणी चढल्या. बँडवाल्यांपैकी एकजण ढोलासकट चढला.

गाडी सुटली ती उडी मारूनच. इंजिनाचा जोर इतका की पाटे पिळवटायचे आणि मागची चाकं रस्त्यावर थाडथाड आपटायची. पुंडलिकनगरच्या पहिल्या गतिरोधकावर ॲक्सल खालून थेट चासीला, म्हणजे गाडीच्या सांगाड्याला, जाऊन भिडला. नानासाहेबांचं त्या वर्षी कमरेचं ऑपरेशन झालेलं. ते खुर्चीवरून वर गेले आणि खाली आले ते ढोलावर. तरी माणूस कसा बघा. हौद्याच्या कडेला धरून उभे राहिले आणि पुढच्या काचेवर टकटक करून म्हणाले, “मॅडम, मला घरी सोडायलाव का वर धाडायलाव?”

सगळे हसले. मी पुढं मॅडमच्या शेजारी बसले होते. त्या हसल्या नाहीत. आरशातून त्यांना नानासाहेबांचा हात दिसत होता, कमरेवर दाबून धरलेला. तिथून पुढं त्यांनी गाडी इतकी हळू नेली की वरातीतले लोक चालत पुढं निघून गेले. परत येताना एवढंच म्हणाल्या, “मी पोती बसवली, तनुजा. अब्बांनी मला बसवलं असतं.”

त्यानंतर आमच्या दोघींचा जो वाद झाला तो विभागातल्या सगळ्यांना आठवत असेल. माझं म्हणणं होतं, पाटे काढू. ॲक्सल जागेवर धरायला चार दांडे लावू, दोन वर, दोन खाली, म्हणजे इंजिनानं कितीही जोर केला तरी तो पिळवटणार नाही. आणि वजन पेलायला हवेचे फुगे घालू. रिकामी असताना गाडी प्रेरणाला हवी तितकी खाली, माणसं चढली की हवा भरून वर. मॅडमना पाट्यांनाच आधाराचे दांडे देऊन भागवायचं होतं. मी म्हटलं, त्यानं पिळवटणं थांबेल, पण ॲक्सलला वर जायला जागा कुठं आहे? त्यांच्याकडे उत्तर होतं, पण ते गाडीबद्दलचं नव्हतं.

“माणसं काय हवेवर बसवायची?” त्या म्हणाल्या.

वर्गाबाहेर मी त्यांना बाजी म्हणते, थोरली बहीण म्हणून. मी म्हटलं, “बाजी, पुण्याच्या बसमध्ये बसता तेव्हा हवेवरच बसता.”

“त्या बसला माझ्या अब्बांचे पाटे नव्हते.”

आम्ही बरेच दिवस फक्त कामापुरतं बोललो. डबा मात्र रोज एकत्रच खायचो. माझ्या ठेच्यातला अर्धा त्या उचलून घ्यायच्या, तेही न विचारता.

मग एक दिवस मी सकाळी कार्यशाळेत आले तर गाडीखालून दोन पाय बाहेर आलेले. अजरा मॅडम स्वतः पाट्यांचे बोल्ट सोडत होत्या. मी शेजारी जमिनीवर बसले. त्या गाडीखालूनच बोलत होत्या, माझ्याशी की पाट्यांशी, कळत नव्हतं. म्हणाल्या, “बिचारा पाटा दोन कामं करतो. वजन पण त्यानंच पेलायचं, ॲक्सल पण त्यानंच धरून ठेवायचा. इंजिन म्हातारं होतं तोवर निभलं. आता आपण जोर वाढवला आणि त्यालाच म्हणतोय, हलू नको. सुट्टी देऊ त्याला.”

मित्रहो, मॅडमचे पती कहकशा लहान असताना गेले. त्यानंतर सासरच्या माणसांना पेलणं, लेकीला धरून ठेवणं, आणि रोज सव्वादहाला फळ्यापुढे उभं राहणं, हे सगळं एकाच बाईनं केलं. पण त्या वाक्यात त्या स्वतःबद्दल बोलत नव्हत्या. त्या पाट्यांबद्दलच बोलत होत्या. मला वाईट वाटलं ते त्याचंच.

पुढचं काम भराभर झालं. चासीला ॲक्सलच्या वर कमानीसारखी खाच दिली आणि ती जाड पत्र्यानं मजबूत केली. दांडे बसले, फुगे बसले. मॅडमचा हट्ट असा की फुगा फुटला तरी गाडी जाड रबरावर टेकली पाहिजे, मागची माणसं हलता कामा नयेत. त्यांनी मुद्दाम सगळी हवा सोडून तेही पाहिलं. या वेळच्या चाचणीला पोती नव्हती. मागं मी बसले, आणि माझ्या भोवती जितकी पोरं मावली तितकी. गतिरोधक आला आणि गेला. मी काच ठोकून म्हटलं, आता तुम्ही मागं येऊन बघा, मी चालवते. मॅडम म्हणाल्या, “बस तू. मला मागं बसवत नाही.”

त्यानंतर त्यांनी या गाडीतून किती जणांना घरी सोडलं. शिपायांना, प्राध्यापकांना, गेल्या वर्षी तर माजी प्राचार्यांना. प्रत्येक वेळी मागं कोण बसलंय हे आधी विचारायच्या. कुणाची कंबर, कुणाचे गुडघे. तेवढी हवा भरायच्या. स्वतः कायम पुढं.

पुढच्या महिन्यात त्या हैदराबादला कहकशाकडे जात आहेत. गाडी त्यांनी विभागाला दिली आहे. आणि परवा मला बजावून सांगितलं आहे की आज खुर्ची-बिर्ची काही नको, मी नेहमीसारखी चालवत जाईन, घरी उतरेन, किल्ली तुझ्या हातात देईन.

बाजी, खुर्ची नाही ठेवली. तेवढं तुमचं ऐकलं. पण पोरांनी हौद्यात एक बाक बसवला आहे. सुट्टीवर गेलेले पाटे आम्ही भंगारात दिले नव्हते. सगळा संच एका माणसाच्या वजनानं हलला नसता, म्हणून बाकाखाली दोन्ही बाजूंना फक्त वरचा एकेक पाटा लावला आहे. बाक बरोबर ॲक्सलच्या डोक्यावर आहे. चाचणीला मी बसून पाहिलं. थोडा करकरतो.

माझं बोलणं संपवते. गाडीचं जरा जास्तच झालं, त्यात कुणाचा मान राहून गेला असेल, कुणाची कंबर उगीच चारचौघांत आली असेल, तर नानासाहेबांसकट सर्वांनी मोठ्या मनानं सोडून द्यावं. संस्थेचे, पाहुण्यांचे आणि इतका वेळ ऐकून घेणाऱ्या तुम्हा सर्वांचे मी मनापासून आभार मानते.

एक विनंती तेवढी राहिली. मॅडमनी पर्स मांडीवर घट्ट धरली आहे आणि मान आत्ताच ‘नाही’ म्हणून हलायला लागली आहे, ते मला इथून दिसतंय. माझा क्लचवरचा पाय जड आहे असं त्या म्हणतील, आणि ते खरंही आहे. तरी विचारते.

बाजी, किल्ली आत्ताच द्या. आज मी चालवते. मागं तुम्ही बसा.